गिअरबॉक्स खोलायला हो म्हणण्याआधी

पुणे

ती. बाबा आणि सौ. आई,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, गॅरेजवाल्याने आपल्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स खोलायचं म्हटलंय, त्याला अजून हो म्हणू नका. तो फसवतोय असं नाही. पण गिअरबॉक्सचं ऑइल न बघता, बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर न लावता बॉक्स उतरवायचा म्हणजे ताप न मोजताच ऑपरेशनची तारीख घ्यायची.

यवतेश्वरच्या चढाला गाडी नुसती रेस होते, ओढत नाही, असं तुम्ही म्हणालात. गिअर स्लिप होतोय हे नक्की. कोणता, ते आधी बघा. फक्त दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएमचा काटा उडत असेल तर दोष बॉक्समधल्या त्या गिअरच्या क्लचचा किंवा त्याला ऑइल सोडणाऱ्या सोलेनॉइडचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेचा. सगळ्याच गिअरला, अगदी रिव्हर्सलाही घसरत असेल तर ऑइल कमी, फिल्टर तुंबलेला किंवा पंपाचं प्रेशर पडलेलं. गार असताना बरी आणि तापल्यावर बिघडते, तर बहुधा आतली सीलं झिजलीत. तापून पातळ झालेलं ऑइल त्यांच्या कडेने निसटतं आणि क्लचच्या प्लेटा घट्ट दाबल्या जात नाहीत. डी टाकल्यावर गाडी लगेच पकडते की दोन-तीन सेकंद नुसती उभी राहते, हेही मेकॅनिकला सांगा.

आता ऑइल. आपल्या गाडीच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, आहे हे नशीब. नव्या बऱ्याच गाड्यांना ती देतच नाहीत. वाढे फाट्यापर्यंत जाऊन या, म्हणजे ऑइल तापेल. अंगणात सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा. ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर पी पासून शेवटपर्यंत एकेक क्षण थांबवत न्या आणि परत पी वर आणा. इंजिन बंद करायचं नाही. इंजिन ऑइल बंद करून बघतात. इथे पंप थांबला की पातळी खोटीच वर दिसते. पट्टी काढून, धागे सुटणार नाहीत अशा फडक्याने पुसून, पुन्हा पूर्ण घालून काढा. ऑइल ‘हॉट’च्या दोन खुणांमध्ये हवं. आई, टॉर्च तू धरणार असशील तर पदर नीट खोचून घे, रेडिएटरचा फॅन अचानक सुरू होतो.

पट्टीवरचा थेंब पांढऱ्या कागदावर टिपा. तांबडा आणि स्वच्छ असेल तर छान. तपकिरी म्हणजे जुनं झालंय. काळं आणि करपट वास म्हणजे क्लचच्या प्लेटांवरचं लायनिंग, म्हणजे पकड देणारा थर, जळलंय. गुलाबी दुधाळ दिसलं तर गाडी जागची हलवू नका. रेडिएटरमधल्या ऑइल कूलरमधून पाणी आत शिरलंय आणि त्याने लायनिंगचा गोंद सुटतो.

पातळी खाली असेल तर तेवढ्यावरच हा सगळा त्रास असू शकतो. ऑइल कमी पडलं की पंप हवा ओढतो, फेस होतो, प्रेशर पडतं. भरताना पाव लिटर घाला, परत बघा. जास्त झालं तरी फेसच होतो. ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच घ्या. दुकानदार ‘हेही चालतं’ म्हणून सीव्हीटीचं, म्हणजे वेगळ्या प्रकारच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, देईल, ते नको. आणि हे ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. कमी झालं म्हणजे कुठून तरी गळतंय. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. तांबडा डाग चाकाच्या बाजूला असेल तर एक्सल सील, चेंबरखाली, म्हणजे बॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली, असेल तर गॅस्केट, पुढे रेडिएटरजवळ असेल तर कूलरचे होज. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ठिबकत असेल तर कन्व्हर्टरचं, म्हणजे इंजिनचा जोर ऑइलमधून बॉक्सला देणाऱ्या भागाचं, सील. तेवढ्यासाठी मात्र बॉक्स उतरवावाच लागतो.

पातळी बरोबर असूनही घसरली तर स्कॅनर लावायला सांगा आणि कोड कागदावर लिहून घ्या. पी ०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, पी ०७३१ ते ०७३४ म्हणजे अनुक्रमे पहिला ते चौथा गिअर, पी ०७४१ म्हणजे कन्व्हर्टरमधला, इंजिन आणि बॉक्स थेट जोडणारा लॉकअप क्लच. पी ०७५० च्या आसपासचे कोड सोलेनॉइडचे. सोलेनॉइड चेंबर काढून बदलता येतो, बॉक्स उतरवावा लागत नाही. त्यानंतर गेज लावून प्रेशर बघायचं. स्टॉल टेस्ट मेकॅनिकलाच करू द्या. ब्रेक दाबून पूर्ण रेस द्यायची असते आणि पाच सेकंदांच्या वर गेलं तर ऑइल उकळतं.

चेंबर उघडतील तेव्हा बाबा, तिथे उभे राहा. चेंबरमधल्या मॅग्नेटवर राखाडी लेप असतोच, त्याला घाबरू नका. चकाकते कीस किंवा काळ्या पापुद्र्यांचा गाळ दिसला तर मात्र गॅरेजवाल्याचं खरं. नुसतं नवीन ऑइल घालून जळलेलं लायनिंग परत येत नाही. मग प्लेटा, सगळी सीलं, फिल्टर एकदमच बदलून घ्या आणि कूलर धुवायला लावा, नाहीतर जुना गाळ नव्या कामात जातो. गाळ नसेल तर फिल्टर, गॅस्केट आणि ऑइल. चेंबरमधून निम्म्याच्या आसपासच ऑइल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून निघालं तेवढं मोजून भरा, काही दिवस चालवा आणि परत एकदा बदला. मशीनने फ्लश करून, म्हणजे सगळं ऑइल एकदम ढकलून बदलून, देतो म्हणाले तर नको म्हणा. इतक्या जुन्या बॉक्सला मी तरी तो करणार नाही.

तोवर कासला जायचं नाही, आणि पुण्याला आलात तर एसटीने या. परतताना खंबाटकीचा चढ या गाडीला झेपायचा नाही. वाटेत बंद पडलीच तर दोरीने टोचन करू देऊ नका. इंजिन बंद असलं की पंप फिरत नाही आणि पुढची चाकं फिरून गिअरबॉक्स कोरडा घासतो. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक, मागवा, नाहीतर पुढची दोन्ही चाकं उचलून न्यायला सांगा.

पट्टीच्या कागदाचा फोटो उजेडात काढून पाठवा, फ्लॅश नको, रंग बदलतो.

तुमची लेक