एकाच भूकंपाची दोनदा पोच

सेंदाई, जपान

प्रिय सुहास,

तुझं पत्र वाचून हसू आवरेना. म्हणे, "पृथ्वीच्या पोटात नुसता लाव्हा खदखदतोय, त्यात अभ्यास कसला?" अरे, तिथेच फसलास! भूकंपाच्या दुय्यम लहरी, म्हणजे पहिल्या लहरींच्या मागून पोचणाऱ्या, खडकाला आडवं हलवणाऱ्या, द्रवातून जातच नाहीत. प्रावरणातून, म्हणजे कवचाखालच्या जाड थरातून, मात्र त्या 2900 किलोमीटर खोलपर्यंत खुशाल जातात. म्हणजे तो घट्ट खडकच. तरी तो वाहतो, वर्षाला काही सेंटीमीटर, नखं वाढावीत तसा.

अजिंठ्याला तू कॅल्साइटचा खडा घेतला होतास, आठवतो? पेपरवर ठेवला की एकेक अक्षर दुहेरी दिसायचं. इथेही तोच खेळ आहे. प्रावरणात ऑलिव्हिन नावाचं खनिज भरपूर, आणि खडक वाहिला की त्याचे स्फटिक एका दिशेला कलतात. ओढ्याला पूर येऊन गेल्यावर काठचं गवत आडवं पडलेलं असतं ना, तसं. पाणी कुठून कुठे गेलं ते गवतावरून कळतं. अशा खडकात शिरलेली दुय्यम लहर दुभंगते. अर्धी पुढे, अर्धी मागे. वरच्या यंत्रावर तोच भूकंप दोनदा पोचतो. मधलं अंतर कधीकधी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याएवढंच. तेवढं शोधण्यात माझे दिवस जातात. एखादा ट्रक शेजारून गेला की नोंदीचा पार चुथडा! म्हणून तर 1995 च्या कोबे भूकंपानंतर इथे शेकडो यंत्रं शंभर मीटर आणि त्याहून खोल बोअरमध्ये बसवली.

आमच्या पायाखाली पॅसिफिक भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या थराचा भला मोठा तुकडा, वर्षाला आठेक सेंटीमीटर या वेगाने पश्चिमेकडे बुडतोय. जसजसं पश्चिमेला जावं तसतसे भूकंप खोल होत जातात. असे खोल भूकंप खरंच होतात, हे जपानी भूकंपशास्त्रज्ञ कियो वादाती यांनी 1928 साली दाखवलं. आमच्यासाठी ते खालून लावलेले दिवेच. बुडता भूपट्ट आणि वरची जमीन यांच्यामध्ये प्रावरणाची जी पाचर आहे, तिच्यातून त्यांचा उजेड वर येतो.

आणि गंमत बघ. ज्वालामुखींच्या रांगेच्या पश्चिमेला वेगवान, म्हणजे पुढे गेलेल्या अर्ध्या लहरीची हलण्याची दिशा साधारण पूर्व-पश्चिम. गवतासारखीच ती खडकाच्या वाहण्याची खूण. बुडणारा भूपट्ट खडकाला ओढत नेतो, त्याची जागा भरायला मागून गरम खडक येतो, हे पटतं. पण रांग ओलांडून सेंदाईच्या बाजूला आलं की दिशा एकदम उत्तर-दक्षिण! यावर इथे अजून भांडणं आहेत. कुणी म्हणतं, पाण्यामुळे ऑलिव्हिनचे स्फटिक वेगळ्याच अंगाने कलतात. कुणी वरच्या कवचातल्या भेगांकडे बोट दाखवतं. मला विचारशील तर पाचरीचा तो कोपरा थंड आणि जवळजवळ थिजलेला असावा. आमच्या सरांना हे मान्य नाही.

कोयनेलाही हेच चालतं का, असं विचारलं होतंस. नाही रे. तुझी आजी 1967 च्या त्या पहाटेचं सांगायची, तो भूकंप उथळ होता, धरणाच्या पाण्याशी जोडला जातो. तिथे कुठला भूपट्ट बुडत नाही.

बाकी थंडी मरणाची आहे. आईकडून मेतकूट घेऊन पाठव, आणि तो खडा सापडला तर त्याच पुडीत टाक. परवा सरांना समजावताना हाताशी हवा होता.

तुझा,
नंदू