जुन्या बंदुका वितळवण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गिरगाव-दादरकडच्या जुन्या चाळी पुनर्विकासासाठी रिकाम्या होत असताना एखाद्या माळ्यावरून ठासणीची बंदूक निघते आणि घरच्यांची पाचावर धारण बसते. परवाना नाही, कागद नाही, आणि ती घरात कुठून आली हे सांगणारेही कोणी उरलेले नसते. मग ती मुकाट्याने पोलीस ठाण्यात जमा होते, भंगारात जाते किंवा चोर बाजार गाठते. एकोणिसाव्या शतकातील लष्करी बंदुकांचा संग्रह करणारा एक हौशी माणूस म्हणून या प्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या बंदुका प्रामुख्याने टोपीच्या असतात. चकमकीऐवजी पाऱ्याचे स्फोटक संयुग भरलेली तांब्याची इवलीशी टोपी पोकळ बोंडावर बसवायची, घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी नळीतल्या दारूपर्यंत पोहोचते, अशी ही रचना. स्फोटक संयुगाने बार पेटवण्याच्या कल्पनेचे पेटंट अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये घेतले. ब्रिटिश सैन्यात टोपीची बंदूक १८४० च्या सुमारास रुळली आणि १८६६ पासून मागून काडतूस भरण्याच्या स्नायडर बंदुकीने तिला बाजूला सारले. काळ जेमतेम पाव शतकाचा, पण त्यातच १८५७ येते.

१८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड बंदुकीच्या काडतुसांना लावलेल्या चरबीवरून काय घडले हे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्यानंतर काय घडले हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. मूळ एन्फील्डच्या ०.५७७ इंची नळीत पीळ घेत गेलेल्या तीन खाचा असतात व त्यांच्यामुळेच गोळी दूरवर नेमकी जाते. उठाव मोडून काढल्यावर इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी १८५८ चा नमुना काढला. बाहेरून ती जवळपास तीच बंदूक, पण आतल्या खाचा कोरून काढून नळी गुळगुळीत केलेली, आणि अंतराप्रमाणे उचलता येणारी, नेम धरण्याची पट्टी काढून त्या जागी साधा ठोकळा बसवलेला. कोरल्यामुळे नळी पातळ झाली, म्हणून पुढच्याच वर्षी जाड नळीचा नमुना आणावा लागला. अशा बंदुकीत विजेरीचा झोत टाकला की राज्यकर्त्यांचा शिपायांवरचा अविश्वास पोलादात कोरलेला दिसतो. घोड्याशेजारच्या लोखंडी पट्टीवरचा मुकुट, कंपनीच्या काळातला उभा सिंह, सालाचे आकडे, दस्त्यावरचे पलटणीचे छाप, हे सारे त्याच दफ्तराचे कागद आहेत.

आता कायदा पाहा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू ही पुरावस्तू ठरते व खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. दुसरीकडे, १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ४५ कालबाह्य वा पुरातन हत्याराला सूट देते खरे, पण ते दुरुस्ती करूनही वापरता येणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. म्हणजे बंदूक जितकी सुस्थितीत, तितकी ती बाळगणारा अडचणीत! परिणामी लोक नळीला भोके पाडतात, बोंड वितळवून बुजवतात, कापून टाकतात. माझ्या पाहण्यात आलेल्या एका एन्फील्डच्या नळीला ओळीने भोके पाडलेली होती आणि कडांच्या चुऱ्याने आतल्या खाचा पार चेपल्या होत्या. शिवाय विकणाऱ्याने पॉलिश पेपर मारून घोड्याशेजारच्या पट्टीवरचे साल जवळजवळ पुसून टाकले होते. (नव्याने घडवलेल्या आणि मुद्दाम गंजवलेल्या नकलांवर मात्र हेच आकडे ठसठशीत असतात, ही आणखी एक गंमत.)

सरकारची भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. कोकणात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुका आजही वापरल्या जातात आणि जुनी बंदूकही माणूस मारू शकते. परंतु अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेल्या बंदुकांना संघीय कायद्याने पुरातन मानले आहे, आणि ब्रिटनमध्ये केवळ शोभेची वा कुतूहलाची वस्तू म्हणून ठेवलेल्या पुरातन बंदुकीला सूट असून कोणत्या बंदुका त्यात बसतात हे नियमांनी ठरवले आहे. निर्मितीचे साल व बार पेटवण्याची पद्धत पाहून, दारू व टोप्या न बाळगण्याच्या अटीवर, नोंदणी करून घेण्याची तरतूद केंद्राने करावी.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर मुंबई पोलिसांनी जमा झालेली ठासणीची बंदूक नष्ट करण्याआधी संग्रहालयातील जाणकाराचे लेखी मत घ्यावे, तिच्या छापांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि मत अनुकूल असल्यास ती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासारख्या संस्थेला देऊ करावी. स्वतःहून बंदूक आणून देणाऱ्या कुटुंबाला आरोपीसारखे न वागवता पोच देण्याची सूचना पोलीस ठाण्यांना गेली, तर भंगारवाल्याकडे जाणारी निम्मी वाट आपोआप बंद होईल.

आपला,
एक संग्राहक वाचक
गिरगाव, मुंबई