वेग एका जागी नको, दोन जागी मोजा

महोदय,

गोव्यात महामार्गाच्या कडेला वेग मोजणारी स्पीड गन घेऊन पोलीस उभे राहिले की ‘तालांव (दंडाची पावती) देऊन तिजोरी भरतात’ अशी ओरड सुरू होते. ओरडणाऱ्यांनी आधी एक गणित करावे. ताशी 60 किलोमीटरने धावणारी कार सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते. रस्त्यात गुरे दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरला, तर 25 मीटर तिथेच गेले. कोरड्या डांबरावर, टायर चांगले असतील तर आणखी 20 मीटर. म्हणजे 45 मीटरांत गाडी उभी. तीच कार 80 ने येत असेल तर ब्रेक लागेपर्यंतच 33 मीटर जातात आणि पंचेचाळिसाव्या मीटरवर तिचा वेग अजून 65 च्या आसपास असतो. पहिली गाडी थांबली तिथे दुसरी 65 ने आदळते! पावसात ब्रेकचे अंतर निदान दीडपट होते. एवढे करून वाचते काय? पणजी ते मडगाव अखंड 80 ने जाता आले, तरी 60 च्या तुलनेत जेमतेम आठ मिनिटे. आणि त्या रस्त्यावर अखंड 80 ने जाणे कुणालाच जमत नाही.

गन आकडा वाढवून दाखवते, ही तक्रारही बहुधा खोटी. पोलीस कडेला असतात, गाडी तिरकी दिसते, त्यामुळे आकडा खऱ्या वेगापेक्षा कमीच येतो: 20 अंशांच्या कोनात 80 चे 75. घोळ होतो तो दोन गाड्या जवळ असताना. रडार गनचा झोत रुंद असल्याने वेग एकीचा आणि तालांव दुसरीला, असे होऊ शकते. अशा गर्दीत लेझर गन बरी. फोटोत नंबरप्लेट, वेग आणि वेळ एकत्र दिसलीच पाहिजे.

खरी उणीव वेगळीच आहे. गन एका जागी असते. समोरून येणारे दिवे मारून सावध करतात, चालक ब्रेक दाबतो आणि वळण ओलांडले की पुन्हा पाय ॲक्सिलरेटरवर. यावर उपाय सरासरी वेगाचा. सहा किलोमीटर अंतरावर दोन कॅमेरे लावा, दोन्हींची घड्याळे जीपीएसवर जुळवा. मर्यादा 60 असेल तर हे अंतर कापायला सहा मिनिटे लागायला हवीत. साडेचार मिनिटांत पोहोचलेला 80 ने आला, वाद संपला. अधेमधे फाटे असले की गाड्यांची जुळवणी फसते, म्हणून सुरुवात मोपा विमानतळाच्या जोडरस्त्यासारख्या, फाटे कमी असलेल्या मार्गांवर करावी. आणि रात्रीही. हेल्मेट आणि काळ्या काचा दिवसा तपासणे सोपे असते, पण रस्ता मोकळा होतो तो रात्री अकरानंतर.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 नुसार कारला 1000 ते 2000 रुपये, ट्रक-बसला 2000 ते 4000 रुपये दंड आहे आणि दुसऱ्यांदा सापडल्यास परवाना जप्त होतो. रेंट-अ-कॅबच्या, म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीच्या बाबतीत हीच तरतूद लंगडी पडते. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या त्या गाडीचा तालांव जातो मालकाकडे, तोवर पर्यटक घरी पोहोचलेला असतो. कलम 133 खाली चालकाचे नाव, पत्ता व परवान्याचा तपशील देणे मालकाला बंधनकारक आहे. पोलिसांनी तो दर वेळी मागावा.

डंपर, टँकर आणि शाळेच्या बसला वेगनियंत्रक 60 वर बसवायचा असतो. पासिंग झाल्यावर त्याची वायर काढून ठेवणे काही मिनिटांचे काम. वाहतूक खात्याने सील आणि जोडणी रस्त्यावर तपासावी, केवळ कागद नव्हे.

गावातल्या रस्त्यांवर मात्र कॅमेऱ्यापेक्षा गतिरोधक कामाचा, पण मापाचा. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचे माप 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच, 40 मीटर आधी फलक. आपल्याकडे साबांखाच्या (सार्वजनिक बांधकाम खात्याच्या) नकळत घातलेले अरुंद उंचवटे स्कूटरवर मागे बसलेल्याला उडवतात, आणि पांढरे पट्टे नसल्याने रात्री ते दिसतही नाहीत. ते उखडून मापाचे घालावेत.

— एक वाचक, फोंडा