यंदाही फॉर्म भरला नाही

प्रिय मनू,

परवा फोनवर तू नीट बोलली नाहीस. बदलीचा फॉर्म मी भरला नाही हे तुला मावशीकडून कळलं. मीच आधी सांगायला हवं होतं. अवघड क्षेत्रातली तीन वर्षं केव्हाच पुरी झालीत, बदली अधिकारप्राप्त शिक्षकांच्या यादीत माझं नाव आहे. परतवाड्याजवळची शाळा मिळाली असती. आजीच्या गुडघ्यांचं म्हणतेस तेही खरं. तरी नाही भरला. का, ते लिहिते.

जूनमध्ये आमच्या शाळेवर नवे शिक्षणसेवक आले. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड झालेले, लातूरकडचे, तुझ्याच वयाचे. मेळघाटातल्या आमच्या धारणीचं नाव त्यांनी पहिल्यांदा नियुक्तीपत्रावरच वाचलं होतं. कष्टाळू आहेत. आले ते पदरच्या पैशांनी घेतलेले चित्रांचे तक्ते घेऊनच.

जुलैत एकदा पहिलीच्या वर्गातून त्यांचा चढलेला आवाज आला. जाऊन बघते तर एक पोरगा भिंतीकडे तोंड करून उभा. तक्त्यावरच्या वाघावर बोट ठेवून सरांनी विचारलं होतं, हा कोण? पोरगा म्हणाला, "कुला." सरांना वाटलं, घाणेरडं बोलतोय.

मनू, इथल्या आदिवासी पोरांच्या कोरकू भाषेत वाघाला कुला म्हणतात. अख्ख्या वर्गात तोंड उघडणारा तो एकटा, उत्तर बरोबर, आणि शिक्षाही त्यालाच.

तिथे मी सरांना काही बोलले नाही. पोरांसमोर शिक्षकाला तोंडघशी पाडायचं नसतं. पोराला जवळ घेतलं, "हो रे, कुला," म्हटलं आणि जागेवर बसवलं. संध्याकाळी सरांना चहाला बोलावून अर्थ सांगितला. त्यांनी कप खाली ठेवला आणि बराच वेळ मान वर केली नाही. मग मी माझं सांगितलं, जे तुलाही कधी सांगितलेलं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका मुलीला छडी मारली होती. ती उत्तर देत नव्हती म्हणून. तिला प्रश्नच कळला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. घरी गेले तर आत लपून बसली. तिच्या आईने माझ्यासमोर पाण्याचा तांब्या धरला आणि म्हणाली, "दा." मला कळलेला पहिला कोरकू शब्द तो. मुलगी मात्र शाळेत परत आलीच नाही.

कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती संथाली-मुंडारीच्या कुळातली. वऱ्हाडी बोलणारं पोर पुस्तकातल्या मराठीत चाचपडत का होईना वाट काढतं. कोरकू पोराला 'उरा'कडून 'घर'कडे जायला मध्ये पाय ठेवायला दगडसुद्धा नसतो. शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा, असं शिक्षण हक्क कायद्यात २००९ पासून लिहिलेलं आहे, २०२० च्या धोरणातही आहे. पण शिक्षकाच्या कानाला ती भाषा ओळखीची नसेल तर पहिलीच्या वर्गात त्यातलं काही पोचत नाही.

सरांना मी शब्दांची यादी दिली नाही. एका रविवारी वस्तीवर नेलं, कुटकी पाखडणाऱ्या एका म्हातारीजवळ बसवलं आणि मी बाजूला झाले. अर्धा तास ते नुसती मान हलवत, हसत बसले. परतताना म्हणाले, "मॅडम, बहिरा झाल्यासारखं वाटलं." पहिलीतल्या पोराला रोज दिवसभर तसंच वाटतं, एवढंच मी म्हटलं.

आता त्यांच्या भिंतीवर पोरांनी सांगितलेले शब्द आहेत, प्रत्येक चित्राखाली दोन. वाघाखाली 'कुला' आणि 'वाघ'. तोच पोरगा सरांचा उच्चार सुधारतो आणि सर पुन्हा म्हणून दाखवतात. एकदा धावत येऊन म्हणाले, "मॅडम, सिपना म्हणजे सागवान! नदीचं नाव सागावरून आलंय!" मला ते ठाऊक होतं, पण पोरांकडून त्यांना मिळालेलं होतं, म्हणून मी ऐकून घेतलं.

९ ऑगस्टला, आदिवासी दिनाला, पोरांना पारंपरिक कपड्यांत नाचवायचं, फोटो काढायचे आणि १० तारखेला त्यांच्याच भाषेला चूक म्हणायचं, याची मला फार चीड आहे. मराठीही आलीच पाहिजे. दवाखाना, बँक, तहसील, कुठेच मराठी-हिंदीवाचून चालत नाही आणि आईबापांना तेच हवं असतं. पण पोर आधी वर्गात बोलतं तर व्हायला हवं.

सर अजून चुकतात. दिवाळीनंतर घरं कामासाठी बाहेर पडली, वर्ग अर्धा झाला, तेव्हा पालकांवर चिडले. कुणीतरी अजून वर्षभर शेजारच्या वर्गात असायला हवं. माझ्या पहिल्या वर्षी मला कुणी नव्हतं.

तुझ्या दहावीत मी तुझ्याजवळ नव्हते. शनिवारी घटांगच्या घाटातून एसटीने यायचे आणि सोमवारी पहाटे निघायचे, तू झोपलेली असायचीस. ते मी विसरलेले नाही. आजीला दाखवायला पुढच्या आठवड्यात रजा टाकली आहे, डॉक्टरांची वेळही घेतली आहे.

होळीला इकडे ये. गाव तेव्हा परत आलेलं असतं. पोरं फगवा मागत रस्ता अडवतात, तेव्हा सुटे पैसे आणायला विसरू नकोस.

तुझी,
आई