आण्णा, गाडी किती देते ते सांगतो

कल्याण,
कोजागिरीचा दुसरा दिवस

तीर्थरूप आण्णा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. पण आण्णा, फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, मग मी ओरडतो, मग इकडं पोरं उठतात, आणि शेवटी आई फोन हातात घेऊन म्हणते, "बरं हाय ना सगळं? मग ठेव." शिवाय आज जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही. आईला वाचून दाखवताना मधलं काही गाळू नका. आई, ते घसा खाकरून एकदम पान उलटायला लागले की समज.

गेले पाच महिने तुम्ही दर रविवारी एकच विचारता, "गाडी किती देते?" आणि मी दर रविवारी सांगतो, "अठरा." ते खोटं होतं. आपली ही मालाची गाडी लिटरला बारा किलोमीटर द्यायची. माल जास्त असला आणि घाटात अडकलो तर अकरा. शोरूममधल्या पोराने वीस-एकवीस सांगितलं होतं. खरं वाटावं म्हणून मी त्यातले दोन-तीन कमी करून तुम्हाला सांगायचो. खोटं बोलायचीसुद्धा अक्कल लागते, ती तेवढी आली.

पहिले दोन महिने मलाही पत्ता नव्हता. मी पंपावर पाचशेचं टाक, हजाराचं टाक असं करायचो. त्यात कुठं काय हिशोब लागणार? काटा खाली आला की टाकायचं आणि भाडं हातात आलं की बरं वाटायचं. महिनाअखेरीला पैसे उरत नव्हते, तेव्हा मी आधी घरातल्या खर्चाकडं बघितलं, मग तुमच्या सुनेकडं बघितलं. त्यावरून आमचं भांडणही झालं. (हे गाळलं तरी चालेल.) मग एका जुन्या ड्रायव्हरने शिकवलं: टाकी फुल कर, किलोमीटर लिहून ठेव, आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर, त्याच मशीनवर परत फुल कर. जितके लिटर बसले तितके जळले. एका टाकीवर जाऊ नको, तीन टाक्या बघ. तीन टाक्यांचे आकडे तुमच्यासारखेच खिशातल्या डायरीत लिहिलेत: ११.८, १२.४, १२.१. तिसरा लिहिला त्या दिवशी मी गाडी पंपाच्या कडेला लावून चहा घेतला आणि दुसरा मागवला.

आता पैशांत सांगतो. भिवंडीच्या गोदामातून किराणा भरायचा, मुरबाड, टोकावडे करत माळशेज चढायचा, ओतूर-आळेफाट्याला उतरवायचा, आणि येताना कांदा नाहीतर टोमॅटोचे कॅरेट घेऊन कल्याणच्या मार्केटला. एक खेप जाऊन-येऊन २८० किलोमीटर. वीसने धरलं तर १४ लिटर. बाराने धरलं तर २३ च्या वर. पेट्रोल १०४ रुपये, म्हणजे एका खेपेला साडेनऊशेचा फटका. महिन्याला अठरा खेपा झाल्या तर सतरा हजार. गाडीचा हप्ता १४,२०० आहे. एक हप्ता मी बँकेत भरतो आणि दुसरा पंपावर.

आण्णा, तुम्ही गाडी घ्यायच्या आधी एकच वाक्य बोलला होता: "वझं वढायचं तर पोटभर खाणारं जित्राब घ्यावं. कोवळं आदत खोंड कमी खातंय म्हणून उसाच्या गाडीला जुंपत नाहीत." मी हसलो होतो. म्हटलं, यांना बैलाशिवाय काही सुचत नाही. माझं गणित सरळ होतं. मोठी डिझेल पिकअप अडीच हजार सीसीची, आपली आठशेच्या आतली, दोन सिलिंडरची. लहान इंजिन, लहान तोंड, कमी पिणार. वर किंमत कमी, हप्ता कमी. डिप्लोमा मेकॅनिकल झालेला माणूस असं गणित करतो, हे कुणाला सांगू नका.

गाडी रिकामी असली तर माझं गणित बरोबर आहे. रिकामी, सपाट रस्ता, साठचा वेग, असं असलं की ती अठरा-एकोणीस देते, मी मोजून बघितलंय. शोरूमवाल्याचा आकडाही अगदी हवेतला नव्हता. चाचणीत गाडी रोलरवर चढवून ठरवून दिलेल्या वेगाने पळवतात. तिथं घाट नसतो, खड्डा नसतो, टोकावड्याचा बाजार नसतो, आणि मागं अकराशे किलो साखर-तेल नसतं. कागदावर गाडीला साडेसातशे किलोच पास आहे. मी हजार-अकराशे भरतो, कारण भाडं वजनावर ठरतं आणि साडेसातशे किलोत पोट भरत नाही. वजनकाट्यावर सापडलो तर कायद्यात २०१९ पासून ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आहे, वर जास्तीच्या टनामागे २,००० वेगळे. आजवर सापडलो नाही. आई, एवढ्यासाठी देवाला नारळ बोलू नकोस, मी आता भरणं कमी केलंय. का ते खाली सांगतो.

घाटाचं एकदा नीट मांडून बघितलं. गाडी, माल आणि मी मिळून दोन टन. खालून माळशेजच्या माथ्यापर्यंत ते सगळं सहाएकशे मीटर वर उचलायचं. नुसतं उचलायलाच दीड लिटरच्या आसपास पेट्रोल जातं, रस्ता कापायचं वेगळं. हे मोठ्या गाडीलाही चुकत नाही. पण आपली गाडी चढाला दुसऱ्या गिअरमध्ये येते, पाय पार खाली दाबलेला, इंजिन किंचाळतंय आणि वेग पंचवीस. इतका जोर लागला की इंजिनाचा कंप्युटर गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडतो, म्हणजे आतलं तापमान आवरतं. त्या जास्तीच्या पेट्रोलने गाडी एक फूटसुद्धा पुढं जात नाही. वळणावर पुढचा ट्रक थांबला की मी हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायचो, त्यात क्लचही जळायचा. आणि वर नेलेलं उतरताना परत मिळत नाही, ते ब्रेकमध्ये जातं.

आमच्या चाळीतला बाळू त्याच रस्त्याला मोठी डिझेल पिकअप चालवतो. दीड टन भरतो आणि त्याला साडेबारा पडतं. आम्ही दोघांनी एका रात्री मार्केटच्या गेटवर बसून हिशोब जुळवला. डिझेल नव्वदच्या घरात. एक टन माल एक किलोमीटर न्यायला माझे साडेआठ रुपयांच्या वर जळतात, त्याचे पावणेपाच. बाळू काही बोलला नाही. त्याने तंबाखूची पुडी पुढं केली.

तेव्हा मला आपला तो चढ आठवला, कोल्हापूरकडच्या कारखान्याच्या अलीकडचा. मी सात-आठ वर्षांचा असेन, टायरगाडीत उसावर पोतं पांघरून पडलेलो. रात्रीचे दोन-तीन. आण्णा पुढं तेव्हाच्या बैलजोडीच्या शिंगांना धरून "हो बाबा, हो माझ्या राजा" करत, आणि आई गाडीच्या मागं दोन्ही हातांत दगड घेऊन चालायची. दहा पावलं झाली की बैल थांबायचे, आई चाकामागं दगड सरकवायची, बैलांचा भाता शांत होईपर्यंत सगळे उभे. मग परत दहा पावलं. तिच्या बोटावरून चाक गेलं होतं, ते नख अजून वाकडंच येतं ना? चढ जास्त असला की मागच्या गाडीची जोडी सोडून तुम्ही पुढं जुंपायचात. आणि त्या दिवसांत बैलांना नुसत्या उसाच्या वाढ्यावर ठेवत नव्हतात, पेंड वेगळी द्यायचात. घरात तेल नसायचं, पण पेंड असायची. आई त्यावरून बोलायची ते मला पाठ आहे.

माझ्याकडं माळशेजसाठी बाभळीचा ठोकळा आहे. तो सीटखाली असतो. दगड ठेवायला मात्र कुणी नाही, मीच हॅन्डब्रेक ओढतो आणि उतरून पळतो.

हॅन्डब्रेकवरून एक गोष्ट. श्रावणात मागच्या उजव्या चाकाशी जळका वास यायला लागला. गाडी पिंपळगाव जोग्याच्या धरणाजवळ कडेला घेतली. आई भाकरी टाकायच्या आधी तव्यावर पाणी शिंपडून ताव बघते, तसं बाटलीतलं पाणी आधी डाव्या ड्रमवर टाकलं, ते नुसतं ओघळलं. उजव्यावर टाकलं तर चर्र झालं आणि वाफ निघाली. ब्रेकचा शू आत घासत होता. घाटात ओढून ओढून हॅन्डब्रेकची केबल मीच ताणली होती आणि ती पुरती सुटत नव्हती. म्हणजे कित्येक दिवस मी एक चाक ब्रेकमध्ये धरून कल्याण-आळेफाटा करत होतो! मेकॅनिकने तीनशे रुपयांत काम केलं. तेवढ्यावर लिटरमागं जवळजवळ एक किलोमीटर वाढला.

मग नादच लागला. मागच्या टायरांत दहा पाउंड हवा कमी निघाली. आता दर सोमवारी सकाळी, टायर गार असताना भरतो. एअर फिल्टर काढून झटकला तर अंगणात मिरची कांडल्यासारखी धूळ. हौद्यावर मी हौसेने अँगलची उंच फ्रेम बसवून घेतली होती, सात हजार खर्चून, जास्त माल बसावा म्हणून. रिकामी येताना वरची ताडपत्री फुगायची आणि गाडी मागं ओढल्यासारखी व्हायची. साठचा वेग ऐंशी केला की वाऱ्याचा अडथळा पावणेदोन पट होतो, आणि मी तर वाऱ्यापुढं भिंतच उभी केली होती. फ्रेम फूटभर कापली. आता साठच्या वर जात नाही, सगळे ओव्हरटेक करून जातात, मागून हॉर्न मारतात. मारू देत.

एवढं सगळं करून, भरणं आठशे किलोवर आणून, गाडी चौदाला आली. अठराला येणार नाही. ती त्या कामाची गाडीच नाही, आणि ते काम मी तिला लावलं. तुम्ही फोनवर गॅस बसवायचं सुचवलं होतं, तेही विचारून आलो. गॅस स्वस्त पडतो, पण गॅसवर ओढ कमी होते आणि टाकीचं वजन आपल्याच हौद्यात बसतं. घाटाला ते आणखी अवघड. शिवाय पंपावरची रांग तुम्ही बघितली नाहीत.

म्हणून आता काम बदललंय. एक तारखेपासून घाटाच्या खेपा बाळूला दिल्या. माझे व्यापारी, त्याची गाडी, खेपेमागं मला थोडं कमिशन. मी भिवंडी-कल्याण-ठाणे धरलंय: कुरमुरे, फरसाण, प्लास्टिकच्या बादल्या, बॉक्स. दिसायला डोंगर आणि वजनाला पाच-सहाशे किलो. रस्ता सपाट. ट्रॅफिक आहे, पण सिग्नल लांबला की गाडी बंद करतो. पहिल्या दोन टाक्या साडेपंधरा आणि सोळा पडल्या. तिसरी व्हायचीय, म्हणून अजून पक्कं धरू नका. भाडं कमी मिळतं, पण हातात राहतं जास्त, आणि रात्री दहाला मी घरी असतो.

गाडी विकू का, हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. विकायला काढली तर पाच महिन्यांतच दीड लाखाने उतरून मागतात. आणि आण्णा, गाडीला भरलेले ते ऐंशी हजार आपल्या बैलांचे, हरण्या-मोऱ्याचे आहेत. व्यापारी जोडी घेऊन गेला त्या दिवशी तुम्ही दोन वेळा दावणीला जाऊन आलात, ते मी बघितलं होतं. त्या पैशाची गाडी मी स्वतःच्या चुकीपायी पाच महिन्यांत बाजारात उभी करणार नाही. तीन वर्षं हप्ते फेडतो, मग तुम्ही म्हणता तसं खाणारं जित्राब घेऊ. तेव्हा बघायला तुम्ही शोरूममध्ये यायचं. दात मात्र बघू देणार नाहीत.

दिवाळीला वसुबारसेच्या दिवशी गाडी घेऊनच येतो. पोरं आणि ही एसटीने पुढं येतील, मी पहाटे निघून माळशेजवरून, रिकामी, साठच्या वेगाने. आल्यावर आण्णा, तुम्ही डायरी घेऊन पुढं बसा, पाटोद्याच्या पंपावर टाकी फुल करू आणि तुमच्या हाताने आकडा लिहा.

आई, ज्वारीचे कट्टे पाचच बांधून ठेव. सहावा, त्यावर शेंगांचं पोतं, त्यावर भोपळे, असं काही करू नकोस. येताना घाट उतरायचा असला तरी तिथवर चढ बरेच आहेत.

तुमचा,
दत्ता