इक्वेटोरियल माउंटच्या आरए वर्ममधील दोष : भाग बदलून मिळण्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
दुर्बीण व माउंट आयात-विक्री विभाग

विषय : गो-टू (लक्ष्य आपोआप शोधणाऱ्या) इक्वेटोरियल माउंटमधील उत्पादनदोष, तसेच २१ अंश अक्षांशावर तोलाचे वजन ट्रायपॉडला आपटण्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीकडून घेतलेल्या माउंटविषयी (दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या बैठकीविषयी) आम्ही केलेली तक्रार आपल्या सर्व्हिस विभागाने "पोलर अलाइनमेंट नीट करा, बॅलन्स तपासा" एवढ्या उत्तरावर बंद केली आहे (पोलर अलाइनमेंट म्हणजे माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखणे). हे उत्तर आम्हाला मान्य नाही. दोष आरए अक्षाच्या, म्हणजे आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवणाऱ्या अक्षाच्या, वर्ममध्ये (दातेरी चाक फिरवणाऱ्या आटेदार दांड्यात) आहे. तो आकाशात मोजता येतो आणि आपल्या टेबलावर, छताखाली, दोन मिनिटांत कानाने ऐकताही येतो. म्हणून मोजमापांसह पुन्हा लिहीत आहोत. बिल, वॉरंटी कार्ड, गायडिंगचे (कॅमेऱ्याने तारा पाहत माउंटची चाल दुरुस्त करण्याचे) लॉग आणि मूळ फ्रेम सोबत जोडल्या आहेत.

माउंटवर १५० मिमी एफ/५ न्यूटोनियन दुर्बिणीची नळी आहे, फोकल लेंग्थ ७५० मिमी. कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा. २०६.२६५ गुणिले ३.७६ भागिले ७५० केले की प्रतिपिक्सेल १.०३ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) येतात, म्हणजे पुढचे सगळे आकडे आर्कसेकंदात वाचा की पिक्सेलमध्ये, फारसा फरक पडत नाही. नळी, कॅमेरा, गाइडस्कोप (गायडिंगची छोटी दुर्बीण) आणि रिंगा मिळून वजन साडेसात किलो भरते. आपल्या माहितीपत्रकात क्षमता १३ किलो लिहिली आहे, त्यामुळे जास्त भार टाकल्याचा प्रश्न येत नाही.

माहितीपत्रकात पीरिऑडिक एरर, म्हणजे वर्मच्या प्रत्येक फेऱ्यात पुन्हा येणारी चूक, ±१० आर्कसेकंद, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत २० आर्कसेकंद दिली आहे. आम्हाला मिळालेली ६८ आहे. मोजण्याची पद्धत अशी : तारा खगोलीय विषुववृत्ताजवळ आणि मध्यमंडलाजवळ (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळ) घेतला, कारण तिथे आरएमधली चूक पूर्ण आकारात दिसते. गाइडस्कोपच्या लवचिकतेचा संशय राहू नये म्हणून मोजणी मुख्य नळीतूनच केली. पीएचडी२ या गायडिंगच्या प्रोग्राममध्ये गाइड आउटपुट बंद ठेवून दोन सेकंदांच्या एक्स्पोजरने लॉग घेतला आणि वर्मचे किमान चार फेरे पूर्ण होऊ दिले. आपल्या आरए वर्म व्हीलला १४४ दाते आहेत. नाक्षत्र दिवस ८६,१६४ सेकंदांचा, म्हणून वर्मचा एक फेरा ५९८ सेकंदांचा होतो. लॉगमधली लाट अगदी ५९८ सेकंदांनीच पुन्हा येते. फ्रीक्वेन्सीच्या आलेखात सर्वांत उंच टोक तिथेच आहे आणि त्याच्या निम्म्यावर, २९९ सेकंदांवर, एक छोटे.

या लाटेचा व्यवहारात अर्थ काय होतो ते ३० सेकंदांच्या, गायडिंगशिवाय घेतलेल्या फ्रेम सांगतात. लाटेच्या उतारावर तारा सेकंदाला ०.३६ आर्कसेकंद सरकतो, म्हणजे ३० सेकंदांत दहा-अकरा पिक्सेलची रेघ. लाटेच्या माथ्यावर आणि तळाशी तो जवळजवळ थांबलेला असतो, म्हणून तिथल्या फ्रेममध्ये तारे गोल येतात. एका फेऱ्यात अशा साधारण २० फ्रेम बसतात, त्यांतल्या तीन-चारच वापरण्यासारख्या निघतात, आणि पुढच्या फेऱ्यात त्याच क्रमांकाच्या फ्रेम चांगल्या येतात. सोबतच्या फ्रेम वेळेनुसार ओळीने लावून पाहाव्यात, हे डोळ्यांनीच दिसेल.

तरीही लाट मोठी असल्याची आमची मुख्य तक्रार नाही. सावकाश चढणारी-उतरणारी लाट गायडिंगने आवरता येते, स्वस्तातल्या माउंटवर सगळेच ते करतात. खरी अडचण लाटेवरच्या एका उडीची आहे. दर फेऱ्यात एकदा, लाट उतरू लागल्यावर थोड्याच वेळात, तारा दोन-तीन सेकंदांत ९ आर्कसेकंद पूर्वेकडे फेकला जातो. गाइड कॅमेऱ्याचे एक्स्पोजर दोन सेकंदांचे, अॅग्रेसिव्हनेस ७० टक्के, म्हणजे दिसलेल्या चुकीचा ७० टक्के भागच एका वेळी दुरुस्त होतो. उडी दिसून तिची दुरुस्ती पूर्ण व्हायला आठेक सेकंद जातात. तेवढ्यात प्रत्येक ठळक ताऱ्याशेजारी आठ-नऊ पिक्सेलवर त्याचा फिकट जुळा उमटतो. सोबत मृग नक्षत्रातल्या एम ४२ या तेजोमेघाची १८० सेकंदांची फ्रेम आहे. ती शंभर टक्के आकारात उघडून त्यातल्या ट्रॅपेझियम या तारकागटाच्या बाजूचे तारे पाहावेत. तेजोमेघाचे तपशील जागच्या जागी आहेत आणि ताऱ्यांना मात्र एकाच बाजूला दाणा चिकटलेला आहे. फोकस बिघडला, कोलिमेशन (आरशांची जुळणी) बिघडले किंवा वारा लागला तर असे चित्र येत नाही.

१८० सेकंदांच्या एक्स्पोजरला दर तिसरी-चौथी फ्रेम अशी वाया जाते, ३०० सेकंदांच्या एक्स्पोजरला दर दुसरी. "स्टॅकिंगमध्ये सिग्मा क्लिपिंगने निघून जाईल" असे, म्हणजे फ्रेम एकमेकींवर रचताना वेगळे पडणारे ठिपके गाळले जातील असे, आपल्या इंजिनिअरांनी फोनवर सांगितले. तिसरा हिस्सा फ्रेममध्ये एकाच बाजूला असलेला ठिपका क्लिपिंगने पुरता जात नाही. आणि त्या फ्रेमच काढून टाकल्या तर अमावास्येच्या आसपासच्या मोजक्या रात्रींतला तेवढा वेळ गेला.

उडी वर्ममुळेच आहे असे आम्ही का म्हणतो, तेही सांगतो. मोटरपासून वर्मपर्यंतच्या छोट्या गिअरमध्ये दोष असता तर ५९८ सेकंदांत तो अनेकदा दिसला असता. बेअरिंगची गोळी किंवा पिंजरा खराब असता तर उडी फेऱ्यात एकाच जागी न बसता दर फेऱ्याला सरकली असती. वर्म व्हीलच्या एखाद्या दात्यावर कचरा किंवा चरा असता तर तो दाता पुन्हा वर्मखाली यायला २३ तास ५६ मिनिटे लागली असती. आम्ही नळी पूर्वेकडे ठेवून आणि पश्चिमेकडे ठेवून, म्हणजे व्हीलच्या वेगवेगळ्या दात्यांवर, लॉग घेतले. उडी दोन्हीकडे वर्मच्या त्याच कोनात आहे. वर्मच्या आट्यावर बुर (धातूची खरखरीत कड) राहिलेली आहे किंवा आटा दबलेला आहे, याखेरीज दुसरे कारण या लक्षणांत बसत नाही.

आता आपण दिलेल्या कारणांबद्दल. पोलर अलाइनमेंट चुकली तर तारा डेक्लिनेशनमध्ये (आकाशात उत्तर-दक्षिण) सरकतो, सावकाश आणि एकाच दिशेने. अक्ष ५ कलांनी (आर्कमिनिटांनी) चुकला तरी हे सरकणे जास्तीत जास्त मिनिटाला १.३ आर्कसेकंद असते. दोन सेकंदांत ९ आर्कसेकंद, तेही आरएमध्ये आणि दर ५९८ सेकंदांनी, हे पोलर अलाइनमेंटमुळे होऊच शकत नाही. उलट आम्ही अॅझिमथ (अक्षाची आडवी दिशा) मुद्दाम एक अंश बिघडवून कॅमेऱ्याचे शटर ४० मिनिटे उघडे ठेवले. तेव्हा डेक्लिनेशनमधले सरकणे मिनिटाला सुमारे १५ आर्कसेकंद होते आणि तारा फ्रेमवर स्वतःचाच आलेख काढतो : चार लाटा, आणि प्रत्येक लाटेवर त्याच जागी एक खाच. ती फ्रेम सोबत आहे. आपल्याला फक्त एकच पुरावा पाहायला वेळ असेल तर हाच पाहावा.

बॅलन्स दोन्ही अक्षांवर, कॅमेरा लावून, फोकस झालेल्या स्थितीत तपासलेला आहे. दाते एका बाजूला टेकून राहावेत म्हणून पूर्वेची बाजू किंचित जड ठेवली आहे, ही आपल्याच पुस्तिकेतली सूचना आहे. पश्चिम जड करून घेतलेला लॉगही सोबत आहे, त्यातही उडी तिथेच येते.

"ग्रामीण भागातला वीजपुरवठा" हे कारण वाचून वाईट वाटले. यावल-रावेरच्या शिवारात लाइट कधी थ्री फेज असते, कधी सिंगल फेज, व्होल्टेजचा भरवसा नसतो, हे इथे कुणाला सांगावे लागत नाही. म्हणूनच माउंट लाइटीवर चालवलेलाच नाही. तो १२ व्होल्टच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीवर थेट चालतो आणि चालू असताना मल्टिमीटरवर १३ व्होल्टच्या वर दाखवतो.

खान्देशातल्या उन्हाळ्याचे कारणही टिकत नाही. जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो हे खरे, आणि अॅल्युमिनियमची चौकट पितळी व्हीलपेक्षा जास्त प्रसरण पावत असल्याने वर्मची पकड थोडी सैल पडते हेही खरे. पण त्याने बॅकलॅश (दात्यांमधला सैलपणा) वाढतो, वर्मच्या एकाच कोनात उडी तयार होत नाही. लॉग दोन्ही ऋतूंतले आहेत : एप्रिलमधला रात्रीच्या २८ अंशांचा, आणि हिवाळ्यातल्या भरीत पार्ट्यांच्या दिवसांतला, १२-१३ अंशांचा. उडीची जागा आणि उंची दोन्हींत सारखीच आहे.

पीईसी (वर्मची नेहमीची चूक नोंदवून माउंटकडूनच ती दुरुस्त करून घेण्याची सोय) रेकॉर्ड करण्याचा सल्लाही उपयोगाचा नाही. पीईसी लाट सपाट करते. दोन सेकंदांत येणारी उडी तिच्या पल्ल्याबाहेरची आहे, आणि भार बदलला की उडीची वेळ एखाद्या सेकंदाने मागेपुढे झाली तर पीईसीच चुकीच्या क्षणी धक्का देईल.

आपल्या टेबलावर तपासणी अशी करता येईल. माउंटवर नळी लावू नका, तोलाच्या वजनाचा दांडा काढा, आरएचा क्लच घट्ट करा. हँड कंट्रोलरवर वेग १६एक्स ठेवून आरए एकाच दिशेने फिरवत राहा. या वेगाला वर्मचा फेरा ३७ सेकंदांत पूर्ण होतो. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक वर्मच्या घराला टेकवून मूठ कानाला लावा, गॅरेजमध्ये इंजिनाचे बेअरिंग ऐकतात तसे. दर ३७ सेकंदांनी एक स्पष्ट "टक्" ऐकू येईल, दोन मिनिटांत तीनदा. दिशा उलटी केली की आवाज बारीक होतो पण जागा बदलत नाही. वॉरंटीचे स्टिकर फाटू नये म्हणून आम्ही झाकण उघडलेले नाही. आपण उघडून वर्मच्या आट्यावरून नख फिरवले तर बुर हाताला लागावी.

दुसरी तक्रार सर्वच भारतीय ग्राहकांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. माहितीपत्रकात हा माउंट "० ते ७० अंश अक्षांशासाठी" असल्याचे छापले आहे. जळगाव जिल्हा २१ अंशांवर आहे. इथे आरए अक्ष क्षितिजापासून फक्त २१ अंश उचललेला असतो, त्यामुळे होम पोझिशनला (दुर्बीण ध्रुवाकडे रोखलेली असताना) वजनाचा दांडा जवळजवळ सरळ खाली, उभ्यापासून २१ अंश उत्तरेकडे येतो. नेमका तिथेच ट्रायपॉडचा उत्तरेकडचा पाय आहे. मेरिडियन फ्लिपच्या वेळी, म्हणजे तारा मध्यमंडल ओलांडल्यावर नळी दुसऱ्या बाजूला घेताना, वजन खालूनच पलीकडे जाते, ते पायाला आपटते, मोटर अडकते, गो-टूची जागा हरवते आणि पहाटेपर्यंत लावलेला सगळा क्रम कोलमडतो. युरोपात ५० अंशांवर दांडा पायापासून बराच पुढे राहतो, म्हणून तिथे हे जाणवत नाही. ट्रायपॉड ६० अंश फिरवून उत्तरेला मोकळी जागा आणणे हा साधा उपाय आहे, पण अॅझिमथची खुंटी आपण त्या पायावरच पक्की ओतलेली आहे, ती काढून दुसरीकडे बसवता येत नाही. वजन दांड्यावर वर सरकवले तर नळी तोलली जात नाही.

कमी अक्षांश ही आमची गैरसोय नाही, हेही आपण समजून घ्यावे. लंडनहून कधीच न दिसणारा ओमेगा सेंटॉरी आमच्या दक्षिण क्षितिजावर २१ अंशांहून थोडा वर येतो. वृश्चिक आणि धनूतले तेजोमेघ भरपूर उंचीवर मिळतात, आणि पालच्या बाजूला सातपुड्यात आकाश अजूनही काळे आहे. या आकाशासाठीच लोक इथे अशी उपकरणे विकत घेतात. त्यांना विकताना २१ अंशांवर माउंट उभा करून एकदा तरी पाहिला पाहिजे होता.

पोलर स्कोपची (ध्रुव साधण्याच्या छोट्या दुर्बिणीची) जाळी केंद्रात नव्हती. दूरच्या मोबाइल टॉवरच्या टोकावर धरून आरए १८० अंश फिरवत तिचे तीन ग्रब स्क्रू आम्हीच जुळवले, त्याबद्दल काही मागणे नाही. खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता छापलेले नाही. २०११ च्या वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियमांनुसार ते असणे बंधनकारक आहे, एवढे नोंदवून ठेवतो.

आमचे मागणे असे. आरएचा वर्म, त्याची बेअरिंग आणि जोडीचे व्हील हा पूर्ण संच नवा बसवावा, किंवा माउंट बदलून द्यावा. जुनाच वर्म पॉलिश करून आणि ग्रीस लावून परत पाठवू नये. ग्रीसने आवाज दबेल, उडी राहील. परत पाठवण्याआधी वर्मच्या तीन सलग फेऱ्यांचा, गायडिंग बंद ठेवलेला लॉग घेऊन तो सोबत द्यावा. छापलेल्या २० आर्कसेकंदांत तो बसला पाहिजे. ने-आणीचा खर्च आणि विमा आपल्याकडे असावा. ट्रायपॉड आणि माउंट यांच्यामध्ये बसणारी साधारण २० सेंमीची एक्स्टेन्शन नळी विनामूल्य द्यावी, म्हणजे वजन पायाच्या वर राहील. शिवाय वॉरंटी नवा भाग बसवल्याच्या तारखेपासून धरावी. आमच्याकडे जून ते सप्टेंबर आकाश झाकलेलेच असते, त्यामुळे १२ महिन्यांची वॉरंटी प्रत्यक्षात आठच महिन्यांची होते, आणि त्यातलेही बरेच दिवस आपल्या पत्रव्यवहारात गेले आहेत. दोन्ही पर्याय जमत नसतील तर पूर्ण रक्कम परत करावी.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जळगाव जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. या कायद्याने तक्रारदाराला तो राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही लागत नाही. आपल्या तंत्रज्ञाला लॉगच्या मूळ फायली, कच्च्या फिट्स फ्रेम किंवा मोजणीबद्दल काही विचारायचे असेल तर बिलावरील क्रमांकावर जरूर फोन करावा, रात्री उशिरा केला तरी चालेल.

कळावे,

आपले विश्वासू,
यावल-रावेर परिसरातील हौशी आकाश-छायाचित्रकार
जि. जळगाव