हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोहच कमी, असे नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रक्त कमी निघाले की आपल्याकडे सल्ला ठरलेला: लोहाच्या गोळ्या घ्या, खजूर खा, लोखंडी कढईत भाजी करा. पुष्कळांना तो लागू पडतो. पण आई किंवा वडिलांकडून बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा एक सदोष जनुक आलेला असेल, म्हणजे व्यक्ती 'थॅलेसेमिया मायनर' असेल, तर लोह पुरेसे असूनही हिमोग्लोबिन कमीच राहते. कारण त्यातले बीटा ग्लोबिन हे प्रथिनच कमी बनते. अशा कित्येक जणी वर्षानुवर्षे गोळ्या गिळतात, पोट बिघडवून घेतात, वर 'नीट जेवत नाहीस' हेही ऐकतात. याचा मला मनापासून राग येतो.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. असा रिपोर्ट साधारण कसा दिसतो पाहा: हिमोग्लोबिन 10.2, पेशींचा आकार (एमसीव्ही) 62, तांबड्या पेशी मात्र 54 लाख. लोहाअभावी पेशींची संख्याही सहसा घटते. इथे ती भरपूर आहे. 62 ला 5.4 ने (54 लाख म्हणजे 5.4 दशलक्ष) भागले की साडेअकराच्या आसपास येते. उत्तर 13 च्या खाली आले तर थॅलेसेमियाची शंका घ्यावी, असा जुना ठोकताळा आहे. खात्री एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या) तपासणीने होते, आणि शरीरातला लोहाचा साठा फेरिटिनवरून कळतो.

शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी बंद करा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. मायनर असलेल्या मुलीच्या अंगातही लोह कमी असू शकते, आणि तेव्हा गोळी हवीच. महिनोन् महिने गोळ्या घेऊनही आकडा हलत नसेल, तर डोस वाढवण्याआधी या दोन तपासण्या व्हाव्यात, एवढेच मागणे आहे. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत थॅलेसेमिया मायनरचे प्रमाण जास्त आढळते. इतरांनीही निर्धास्त राहू नये.

नवरा-बायको दोघेही मायनर असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता 25 टक्के असते. अशा मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, आणि त्या रक्तातले लोह हृदयात, यकृतात साठत जाते. ते बाहेर काढायला औषधे जन्मभर. म्हणून ही तपासणी लग्नाआधी व्हावी. निदान गर्भवतीची नाव-नोंदणी होते त्याच दिवशी तिची एचपीएलसी सरकारी दवाखान्यात मोफत करावी, आणि ती मायनर निघाली तर नवऱ्यालाही लगेच बोलावून घ्यावे.

आपली,
एक वाचक, कल्याण